ऊन इथे, पाऊस डोंगरात

गेल्या मे महिन्यात सुकापूरला भातबियाण्याच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. मिठाच्या पाण्यात बी बुडवून तरंगणारे पोचट दाणे काढून दाखवत होतो. तेवढ्यात मस्कतहून सुटीवर आलेला एका शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, "साहेब, आमच्या तिकडे वाळवंटात पोहायला डोह आहेत आणि इथे गाढीत गुडघाभर पाणी नाही!" सगळे हसले. मी मात्र त्याला खोदून विचारले.

मस्कतला वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्या रायगड जिल्ह्यात तीन हजारांच्या घरात. तरीही ओमानच्या डोंगरांतील घळींत झऱ्यांचे पाणी टिकते. त्या घळींना तिकडे 'वादी' म्हणतात. वादी बनी खालिदचे डोह तर बारमाही आहेत. त्या देशात 'फलज' नावाच्या पाटांनी खजुराच्या बागांना पाळीपाळीने पाणी देतात. आपल्याकडची पाळीवरची भांडणे आठवून मला त्याचे मोठे कौतुक वाटले.

पण त्याची पुढची गोष्ट अधिक कामाची. "डोक्यावर ऊन असले तरी वरच्या डोंगरावर ढग दिसले की आम्ही वादीतून बाहेर पडतो. पाणी सांगून येत नाही, साहेब." उघड्या खडकात पाऊस मुरत नाही, सारा एकदम घळीत उतरतो.

गाढीचेही तसेच आहे, बंधूंनो. ती माथेरानच्या डोंगरातून येते. सुकापूरला उघडीप असते तेव्हा वर धो धो कोसळत असते. खारघरच्या पांडवकड्याला ऑगस्ट २०१९ मध्ये चार महाविद्यालयीन मुली वाहून गेल्या, तोही असाच अचानक वाढलेला लोंढा. पावसाळ्यात तिथे जायला बंदी असते. तरी लोक जातातच.

मी विहिरीत पोहायला शिकलो. कमरेला वाळका भोपळा आणि काठावर दोर धरून काका. पण बाराव्या वर्षी, लावणी आटोपल्यावर, आम्ही चौघे गावच्या नदीच्या डोहात उतरलो. पाऊस नव्हता. पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा आणि काटक्या वाहत आल्या. बांधावरून काका ओरडले, "पोरांनो, वर या!" आम्ही आलो. एक जण चपला आणायला परत फिरला. दुसऱ्या दिवशी तो खाली करंजाच्या मुळांत अडकलेला सापडला. त्या चपला काठावरच होत्या.

म्हणून पाण्याचा रंग बदलला की वस्तू सोडून काठ चढावा. वाळू उपसलेल्या जागी गुडघाभर पाण्याशेजारी पुरुषभर खड्डा असतो, तिथे मुलांना उतरू देऊ नये. कोणी बुडत असेल तर पाठोपाठ उडी मारू नका; कासरा, बांबू किंवा बूच लावलेला रिकामा कॅन फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. मुलींनाही पोहणे शिकवा. धुणे घेऊन नदीवर त्याच जातात.

निघताना त्या तरुणाने विचारले, "साहेब, धाकटीला कधी शिकवू?" मी म्हटले, "दिवाळीनंतर, पायऱ्यांच्या विहिरीत. मीही येतो." पांगाऱ्याचा हलका ओंडका बघून ठेवला आहे. तो तिच्या कमरेला बेताचा होईल.