ठासणीचं गणित

छत्रपती संभाजीनगरहून देवगिरी पाहायला जाणारी मंडळी मेंढा तोफेशी हमखास थांबतात. मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं, अंगावर औरंगजेबाचं नाव, शिवाय बुरुजावर फिरवता येईल अशी बैठक. फोटो निघतात ते मेंढ्याच्या शिंगांचे. माझी नजर मात्र काना शोधते. बत्ती द्यायचं हे छिद्र करंगळीएवढंही नसतं, पण गोलंदाजाचा जीव त्याच्याच भरवशावर असे.

दारू म्हणजे साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. नुसती भुकटी करून ठेवली तर गाडीच्या हादऱ्यांनी हे तिन्ही वेगळे होतात आणि एकाच पिंपातली दारू वर एक, खाली एक अशी जळते. म्हणून ती भिजवून, दाबून तिचे दाणे पाडायची युक्ती निघाली. सोरा नीट शुद्ध केलेला नसेल तर तो पावसाळी हवेतली ओल ओढतो आणि ऐन वेळी बार फुसका जातो.

खरा धोका ठासताना. आधीच्या बाराची ठिणगी नळीत उरली असेल तर नवी दारू गोलंदाजाच्या हातातच पेटायची, म्हणून दर बारानंतर ओला बोळा फिरवायचा. मग दारू, तिच्यावर डाट, त्यावर गोळा, आणि गजाने सगळं तळापर्यंत बसवायचं. गोळा मध्येच अडकून दारूपासून सुटा राहिला तर दाब भलत्या जागी चढतो आणि नळी फुगते किंवा फुटते. उलट गोळा नळीपेक्षा फार लहान असेल तर वायू कडेने निसटतो, पल्ला घटतो आणि नेम भरकटतो. दारू किती घालायची हे पिढ्यान्‌पिढ्या अंदाजाने आणि अनुभवाने ठरत आलं. बंदुकीच्या गोळीचा वेग प्रत्यक्ष मोजायची रीत इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने 1742 मध्ये मांडली. गोळी टांगलेल्या जड लोलकावर मारायची आणि लोलक किती झुलतो ते पाहायचं.

1884 मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने बिनधुराची दारू काढली. मोजमापाची शिस्त त्यानंतर अधिकच कडक झाली, कारण ही दारू काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरकस. काळ्या दारूच्या मापाने ती भरली तर बंदूक हातात फुटते. परदेशात पितळी पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी आणून घरी काडतुसं भरणारे हौशी नेमबाज पुष्कळ आहेत. ते पुस्तकातलं प्रमाण सोडत नाहीत, तराजू दर बैठकीला तपासतात आणि टेबलावर एका वेळी एकाच जातीची दारू ठेवतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्य जिंकलं. त्या प्रकारातलं .22 चं काडतूस घरी भरताच येत नाही, कारण पेट घेणारं रसायन पुंगळीच्या काठातच कारखान्यात भरलेलं असतं. दहा गुणांचं वर्तुळ असतं 10.4 मिलिमीटरचं. मग नेमबाज काय करतो? रायफल शिकंज्यात घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडून पाहतो आणि ज्या लॉटची छिद्रं सर्वांत जवळजवळ पडतात त्याच्या पेट्याच्या पेट्या विकत घेऊन ठेवतो. खोक्यावरचं नाव तेच असलं तरी पुढचा लॉट आपल्या नळीला मानवेलच असं नाही.