पळस, मुरूम आणि सरासरी राखाडी

वर्षाकाठी सुमारे २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशाला भूगोलात वाळवंट म्हणतात आणि त्याच्या तिपटीच्या आसपास पाऊस मिळणारा वाशीम जिल्हा या व्याख्येत कोठेच बसत नाही. तरीही फाल्गुनापासून मृग बरसेपर्यंतच्या काळात पैनगंगा आणि अडाण नद्यांच्या खोऱ्यांतला हा मुलूख रंगीत फिल्मपुढे जे प्रश्न ठेवतो, ते थरच्या वाळवंटातील प्रश्नांहून फारसे वेगळे नाहीत. हिरवा रंग जवळजवळ नाहीसा होतो. वखरलेली काळी जमीन, बरडावरचा तांबूस मुरूम, चुनखडीचे पांढुरके खडे, धुऱ्यावरचे वाळलेले गवत आणि उपटून रचलेली पऱ्हाटी अशा एकमेकींना खेटून असलेल्या तपकिरी, पिवळ्या आणि करड्या छटा उरतात, वर धुळीने फिकटलेले आकाश असते, आणि या सगळ्यांत फुललेला पळस एवढा प्रखर असतो की त्याला सांभाळावे तर बाकीचे हातचे जाते. या छटा फिल्मवर कशा उतरल्या आणि कोठे हरवल्या, याचा मागोवा घेताना वाशीमपुरतेच थांबून चालत नाही, कारण फिल्म दूरच्या कारखान्यांत घडली आणि तिच्या घडणीत येथील जमिनीचा विचार कोणी केलेला नव्हता.

रंग अचूक उतरला असे म्हणण्यासाठी मुळात तो रंग कशाशी ताडायचा हे ठरवावे लागते. मृदाशास्त्राने हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला आहे. अमेरिकन चित्रकार आल्बर्ट मुन्सेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक रंगाला त्याची जात, उजळपणा आणि तीव्रता यांवरून एक संकेत मिळतो, आणि मातीचे ढेकूळ हातात घेऊन, रंगपट्ट्यांच्या वहीशी जुळवून, ते कोरडे असताना व ओले असताना असे दोन संकेत नोंदवले जातात. १९७६ मध्ये स्थापन झालेली नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था हीच पद्धत वापरते. रोजच्या छायाचित्रणात अशी वही कधी रुळली नाही, आणि बहुतेकांना ती नकोही होती, कारण पाहणाऱ्याला मातीचा खरा रंग नव्हे तर आठवणीतला रंग हवा असतो, जो नेहमी थोडा अधिक गडद आणि थोडा अधिक ओला असतो.

रंगीत फिल्म येण्यापूर्वीच्या काळातही रंगाचा प्रश्न होताच. त्या काळच्या अनेक काचेच्या प्लेटांवरील रासायनिक लेप फक्त निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देई, त्यास ऑर्थोक्रोमॅटिक म्हणत, आणि लाल रंग त्याच्या लेखी अंधारच होता. अशा प्लेटवर फुललेला पळस काळवंडलेला उतरतो आणि पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेला आलेल्या बंजारा स्त्रियांचे लाल घागरे काळ्या मातीहून वेगळे ओळखू येत नाहीत. १९३० च्या दशकात सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली, तेव्हा तोच पळस अचानक फिकट राखाडी झाला. म्हणजे रंग नसलेल्या चित्रातही एकाच झाडाने अवघ्या एका पिढीत काळे आणि पांढुरके अशी दोन टोके पाहिली.

रंगीत प्लेटांची सुरुवात १९०७ मध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोमने झाली. बटाट्याच्या स्टार्चचे नारिंगी, हिरव्या आणि जांभळट रंगांत बुडवलेले सूक्ष्म कण काचेवर पसरून ती बनवली जाई. आल्बेर काहन यांच्या जगाचे रंगीत दप्तर तयार करण्याच्या प्रकल्पासाठी स्तेफान पासे १९१३-१४ मध्ये अशाच प्लेटा घेऊन भारतात आले होते. या प्लेटांचा उजेडाचा हिशेब इतका संथ होता की वाऱ्याने हलणारी फांदी पुसट होई, पण मातीचे तपकिरी रंग ऑटोक्रोमवर विलक्षण शांतपणे बसत, आणि पुढच्या कित्येक फिल्मना ते साधले नाही.

वाशीमचा या इतिहासाशी सर्वांत जुना धागा अजिंठ्यातून जातो. प्राचीन वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती, आणि त्याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. तेथील भिंतींवरचा गेरू, पिवळी माती आणि बेसाल्टात सापडणारी हिरवी माती हे याच दख्खनी पाषाणाच्या कुळातले रंग आहेत; निळा तेवढा बाहेरून आलेल्या लाजवर्दीचा. निजाम सरकारच्या वतीने गुलाम याझदानी यांनी १९३० पासून १९५५ पर्यंत चार भागांत ही चित्रे प्रसिद्ध केली आणि त्यांतील रंगीत पाने ई. एल. व्हॅसी यांच्या छायाचित्रणावर आधारलेली होती. त्यापूर्वीच चित्रांवर संरक्षणासाठी व्हार्निश चढवले गेले होते व ते पिवळसर पडत चालले होते, त्यामुळे फिल्मने प्रामाणिकपणे टिपले ते व्हार्निशही. १९९१ पासून बिनॉय बहल यांनी लेण्यांतील अत्यंत मंद प्रकाशात, दिव्यांचा झोत न टाकता, जी छायाचित्रे घेतली त्यांतील रंग पाहून अनेकांना चित्रेच नवी वाटली. फिल्मपेक्षा प्रकाशाविषयीचा संयम नवा होता.

चित्रपटाच्या क्षेत्रात महाराष्ट्राचा पहिला अनुभव कडू होता: प्रभात फिल्म कंपनीच्या १९३३ च्या ‘सैरंध्री’चे रंगकाम जर्मनीत करवून घेण्यात आले आणि ते रंग भडक निघाले. लवकरच, १९३५ मध्ये, कोडाक्रोम आली. लिओपोल्ड मानेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोन संगीतकारांनी घडवलेल्या या फिल्ममध्ये रंगद्रव्य मुळात नसेच, ते रोल धुताना एकेका थरात घातले जाई. त्यामुळे थर पातळ, रेषा धारदार आणि तपकिरी रंग भरीव राहत, पण धुण्याची यंत्रणा इतकी गुंतागुंतीची होई की ती जगात मोजक्याच ठिकाणी परवडे. रघुबीर सिंह यांनी राजस्थानची वाळू आणि मुंबईचे रस्ते रंगीत स्लाइडवर टिपून दाखवले की भारतीय ऊन हा फिल्मचा शत्रू नसून तिचे साहित्य आहे. वाशीमसारख्या गावच्या स्टुडिओसाठी मात्र ही परदेशी चैन होती. उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सने १९६७ पासून उत्पादन सुरू केले, पण तिची ‘इंदू’ कृष्णधवलच होती, आणि रंग हवा असेल तर तो छापील चित्रावर कुंचल्याने चढवला जाई. या हाताने रंगवलेल्या चित्रांतील जमीन कधीच खरी नसे. त्यात गाल गुलाबी आणि साडी हिरवी असणे पुरेसे होते.

खरा घोटाळा त्यानंतर, १९८० आणि १९९० च्या दशकांत, रंगीत निगेटिव्ह आणि छपाईची स्वयंचलित यंत्रे गावोगाव पोचल्यावर झाला, आणि तो कॅमेऱ्यात झाला नाही. कोडॅकचे संशोधक राल्फ इव्हान्स यांना १९५१ मध्ये ज्या पद्धतीचे पेटंट मिळाले, तिचे गृहीतक असे होते की जगातील सर्वसाधारण दृश्यातले सगळे रंग एकत्र मिसळले तर राखाडीच निघते. म्हणून छपाईच्या यंत्राने प्रत्येक निगेटिव्हची सरासरी मोजावी आणि ती राखाडीपासून जितकी ढळलेली दिसेल तितकी विरुद्ध रंगाने सावरावी. झाडे, आकाश, भिंती आणि कपडे असलेल्या चित्राला हे उपकारकच ठरते. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यातील सुमारे १८ चौरस किलोमीटर क्षेत्रातल्या उन्हाळी कुरणाचे चित्र मात्र मुळातच पिवळे असते, आणि यंत्र त्या पिवळ्याला चूक समजून त्यावर निळ्याची मात्रा देते. गवत राखेसारखे होते, काळविटाचे पांढरे पोट निळसर दिसते आणि मुरमाची टेकडी मेणचट जांभळी होते. लॅबमधील कारागीर बटण दाबून हाताने दुरुस्ती करू शकत असे, पण हे दिवस नेमके लग्नसराईचे, आणि वरातीच्या शेकडो चित्रांच्या घाईत एखाद्या बरडाच्या चित्राकडे थांबून पाहायला कोणाला सवड मिळाली असेल, असे वाटत नाही. वाशीमचा उन्हाळा रंगहीन असतो ही समजूत पसरवण्यात या यंत्रांचा वाटा उन्हाइतकाच धरला पाहिजे.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापकही याच कुळातला होता. समोरची वस्तू सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकते असे तो धरून चालतो. काळी जमीन त्याच्या निम्म्याच्या आसपासच परत फेकते, त्यामुळे मापकावर विसंबलेल्या चित्रात ती धुरकट होते आणि जाणकार छायाचित्रकार मुद्दाम एका टप्प्याने प्रकाश कमी करीत. भरदुपारी सूर्याचा प्रकाश सुमारे ५,५०० केल्विन रंगतापमानाचा, म्हणजे फिल्मला अपेक्षित तेवढाच पांढरा असतो, पण ढेकळांच्या सावलीत फक्त आकाशाचा निळा उजेड पोचतो. डोळा त्याकडे दुर्लक्ष करतो, फिल्म करत नाही. तपकिरी रंगांच्या बाबतीत तर फिल्म बनवणाऱ्यांचे लक्ष बराच काळ दुसरीकडेच होते. लॉर्ना रॉथ यांच्या संशोधनानुसार छपाईचा रंग जुळवण्यासाठी गोऱ्या स्त्रीचे चित्र असलेले नमुनापत्र वापरले जाई, आणि गडद तपकिरी छटा सुधारण्यामागे चॉकलेट आणि लाकडी सामान यांच्या जाहिरातदारांच्या तक्रारी होत्या.

छपाईची पायरीच नसलेली स्लाइड, म्हणजे थेट पाहण्याची पारदर्शिका, या सगळ्यातून वाचली, आणि वाशीमच्या उन्हाळ्याची सर्वांत विश्वासू साक्ष तिचीच मानावी लागेल. तिलाही स्वतःच्या खोडी होत्या. १९९० मध्ये आलेल्या फुजीच्या वेल्व्हियाने निसर्गछायाचित्रकारांना गडद रंगांची चटक लावली आणि पळसाचा तिसरा अवतार घडवला: पाकळ्यांतले सगळे बारकावे एका सपाट नारिंगी डागात बुडाले. कोडाक्रोमचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅककरी यांनी काही अंशी भारतात वापरला आणि अमेरिकेतील पार्सन्स गावच्या लॅबने डिसेंबर २०१० अखेर कोडाक्रोमचे रोल धुण्यासाठी घेणे बंद केले.

तोपर्यंत वाशीमच्या शेतांचे रंगही बदलून गेले होते. ज्वारी आणि कपाशीची जागा सोयाबीनने घेतली, आणि मार्गशीर्षातील बोंडांनी पांढरे झालेले सलग शिवार पूर्वीसारखे उरले नाही. ते पाहायचे तर जुन्या कागदांवर पाहावे लागते. हे कागदही आता लालसर झाले आहेत, कारण त्या काळच्या रंगीत कागदातील निळसर रंगद्रव्य उष्णतेत, अगदी बंद पेटीतसुद्धा, इतर दोन रंगद्रव्यांच्या आधी विरते. ते स्कॅन करून संगणकाने आपोआप सावरायला दिले की संगणकही चित्राची सरासरी काढतो आणि ती राखाडीकडे ओढतो, म्हणजे इव्हान्स यांचाच हिशेब पुन्हा मांडला जातो आणि मुरूम दुसऱ्यांदा जांभळा होतो. त्याऐवजी चित्रातल्या त्याच शिवारातून वैशाखात कोरडे ढेकूळ आणून मुन्सेलच्या वहीतील पानाशी लावता येते, कारण पिके बदलली तरी काळ्या मातीचा कोरडा संकेत पन्नास वर्षांत सहसा बदलत नाही. तो एक रंग जागेवर बसवला की गवत आणि पळस यांना त्याच्या मागोमाग सरकावे लागते.