दाराशी आलेली बँक

धंदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दुकान, गल्ला, वखार आणि हिशेबाच्या वह्या उभ्या राहतात. परंतु आपल्या देशातील असंख्य कुटुंबांचा उदीम एका हातगाडीवर, एका पाटीत किंवा घरातल्या चुलीवरच चालतो. रायपूरला चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. त्या भागातील मराठी कुटुंबांना हे दृश्य काही नवे नाही. सकाळी दाराशी येणारी भाजीवाली, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, सणावारी घरीच ठेठरी-खुरमी करून विकणारी गृहिणी, ही सारी मंडळी एका अर्थाने व्यापारीच होत. त्यांच्या कष्टांचे आपण कौतुक करतो. मात्र त्यांचे भांडवल कोठून येते आणि ते त्यांना केवढ्याला पडते, हा प्रश्न आपल्या मनात सहसा उद्भवत नाही.

दिवसाच्या व्याजाचा हिशेब

उदाहरणादाखल असे समजू की, एका भाजीवालीने भल्या पहाटे 900 रुपये उसने घेतले आणि सायंकाळी 1,000 रुपये परत केले. म्हणजे व्याजाचे 100 रुपये झाले. दिवसभराच्या विक्रीत ही रक्कम फारशी जाणवत नाही. तथापि महिन्याचे 25 दिवस हा व्यवहार होत राहिला, तर वर्षाकाठी 30,000 रुपये निव्वळ व्याजापोटी जातात, आणि वर्षअखेरीस तिच्या गाठीला भांडवल काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा त्याच दारात उभी असते.

आता याच बाईला दरसाल 12 टक्के व्याजाने 10,000 रुपयांचे कर्ज मिळाले आणि तिने ते घटत्या शिलकेवर बारा समान हप्त्यांत फेडले, असे धरू. हप्ता सुमारे 890 रुपयांचा पडेल आणि वर्षभराचे व्याज 660 रुपयांच्या आसपास होईल. तीस हजार आणि साडेसहाशे यांतील हे अंतर म्हणजे मुलांची फी, औषधपाणी आणि पावसाळ्यापूर्वी शाकारलेले छप्पर होय. छोट्या कर्जाचे खरे महत्त्व येथे आहे. धंदा मोठा होईल न होईल, परंतु दिवसाची कमाई ज्याची त्याच्या घरी तरी पोहोचते.

मग अशा माणसाला बँक कर्ज का देत नाही? कारण त्याच्याजवळ तारण नसते, कागदपत्रे नसतात, आणि एवढ्याशा रकमेची खातेवही ठेवण्याचा खर्च बँकेला परवडत नाही. शिवाय बँक उघडी असते तीच वेळ त्याच्या विक्रीची असते. बँकेत एक खेप म्हणजे अर्ध्या दिवसाची मिळकत बुडणे.

माणदेशातील बायकांची बँक

सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा अवर्षणाचा मुलूख. तेथील म्हसवड गावी श्रीमती चेतना गाला-सिन्हा या मुंबईहून येऊन स्थायिक झाल्या. लोहारकाम करणारी एक बाई एके दिवशी त्यांच्याकडे आली. पावसाळ्यात झोपडीवर घालण्यासाठी ताडपत्री घ्यावी, म्हणून तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. तिने कर्ज मागितले नव्हते, तिला केवळ खाते हवे होते. परंतु इतक्या लहान रकमांचे खाते उघडावयास बँक तयार नव्हती. तेव्हा आपणच बँक काढावी, असे या बायकांनी ठरविले.

रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि तो नामंजूर होऊन परत आला. प्रवर्तक सभासदांपैकी काही जणी निरक्षर असून अंगठा उठवीत होत्या, हे त्याचे कारण. बायकांनी हातपाय गाळले नाहीत. दिवसाचे काम आटोपून त्या लिहावाचावयास शिकू लागल्या, आणि काही महिन्यांनी चेतनाताईंबरोबर पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला कोणत्याही रकमेचे व्याज तोंडी काढावयास सांगा आणि आपल्या माणसांनाही यंत्राशिवाय तेच करावयास सांगा, मग पाहू कोण आधी सांगते, असे त्यांचे आव्हान होते. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

या बँकेने सुरुवातीपासून एक पथ्य पाळले: बाईने बँकेकडे येण्याची वाट न पाहता बँकेने तिच्या कामाच्या जागी जावे. पुढे खात्याच्या व्यवहारासाठी सांकेतिक क्रमांक देण्याचे घाटत होते, तेव्हा बायकांनीच त्याला हरकत घेतली. क्रमांक घरातली माणसे विचारून घेतील, अंगठा मात्र कोणाला चोरता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ज्या अंगठ्यापायी परवाना अडला होता, तोच अंगठा आता ठेवीची किल्ली झाला.

मुरंब्याच्या बरण्या

हा प्रश्न केवळ आपल्याच देशाचा नाही. आफ्रिका खंडातील घाना देशात एस्थर ओक्लू (1919–2002) नावाच्या उद्योजिका होऊन गेल्या. शाळा सुटल्यावर घरातील एका वडीलधाऱ्या स्त्रीने दिलेल्या दहा शिलिंगांतून त्यांनी संत्री, साखर व बरण्या विकत घेतल्या आणि संत्र्यांचा मुरंबा करून विकला. पुढे माल पुरविण्याचे कंत्राट हाती आल्यावर त्यांना बँकेचे कर्ज मिळू शकले आणि 1942 साली त्यांचा फळप्रक्रियेचा कारखाना उभा राहिला. मोठ्या गिऱ्हाइकाचा कागद हाती नसता, तर बँकेने त्यांच्याकडे वळून पाहिले असते की नाही, याची शंकाच आहे.

1975 साली मेक्सिको येथे भरलेल्या जागतिक महिला परिषदेस एस्थरबाई उपस्थित होत्या, तशा अहमदाबादच्या इला भट्टही होत्या. गरीब स्त्रियांना पतपुरवठा करणारी जागतिक संघटना काढण्याचा विचार तेथे निघाला आणि 1979 मध्ये ती साकार झाली. एस्थर ओक्लू तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

पैसे साठविण्याची रीतही त्या मुलुखात आपल्यासारखीच आहे. घानामध्ये 'सुसू' गोळा करणारा माणूस रोज बाजारात गाळ्यागाळ्याशी फिरून ठराविक रक्कम जमा करतो आणि महिनाअखेर एका दिवसाची रक्कम आपला मेहनताना म्हणून ठेवून बाकीची परत देतो. वाचकांना येथे आपल्या पिग्मी ठेवीची आठवण होईल. कर्नाटकातील सिंडिकेट बँकेने 1928 साली दारोदार दोन दोन आणे गोळा करून ती सुरू केली होती. केनियात आपल्या भिशीसारख्या मंडळ्यांना 'चामा' म्हणतात. दाराशी येणारा माणूस आणि ओळखीच्यांचा विश्वास हीच गरिबाच्या पेढीची जुनी इमारत होय.

कर्जाची दुसरी बाजू

येथे एक सावधगिरीचा इशारा दिला पाहिजे. छोटे कर्ज म्हणजे दारिद्र्यावरील रामबाण मात्रा नव्हे. भारत, इथिओपिया, मोरोक्को आदी सहा देशांत झालेल्या पाहण्यांचे निष्कर्ष 2015 साली एकत्र प्रसिद्ध झाले. अशा कर्जांमुळे काही कुटुंबांना धंदा वाढविण्यास मोकळीक मिळाली, परंतु सरसकट उत्पन्नवाढ दिसून आली नाही, असे त्यांतून निघाले.

कर्ज देणाऱ्याला घाई झाली की अनर्थही ओढवतो. आंध्र प्रदेशात एकाच बाईच्या माथी अनेक संस्थांची कर्जे आली, वसुलीचा जाच वाढला, आत्महत्यांच्या वार्ता आल्या, आणि ऑक्टोबर 2010 मध्ये सरकारला अध्यादेश काढावा लागला. केनियात फोनवर क्षणार्धात कर्ज मिळू लागले, तेव्हा अनेकांची नावे थकबाकीदारांच्या यादीत गेली. अखेर 2021 च्या कायद्याने अशा सावकारीवर मध्यवर्ती बँकेची देखरेख आली. हप्ता मिळकतीच्या चालीने बांधलेला नसेल आणि देणारा घेणाऱ्याला ओळखत नसेल, तर कमी व्याजाचे कर्जही फास ठरते.

आपल्या हातचे काम

शहरातील फेरीवाल्यांसाठी केंद्र सरकारने जून 2020 मध्ये पंतप्रधान स्वनिधी योजना सुरू केली. प्रथम 10,000 रुपयांचे विनातारण कर्ज, त्याची फेड झाल्यावर पुढची मोठी रक्कम, अशी तिची पायरीपायरीची रचना आहे. 2025 साली या रकमा 15,000, 25,000 व 50,000 रुपये अशा करण्यात आल्या आणि योजनेची मुदत मार्च 2030 पर्यंत वाढविण्यात आली. वेळेवर हप्ते भरणाऱ्यास व्याजात सात टक्क्यांची सवलतही मिळते. अर्जासाठी फेरीवाल्याचे प्रमाणपत्र किंवा नगरपालिकेचे शिफारसपत्र लागते.

परंतु शिफारसपत्र कोठे मिळते, आधारशी जोडलेला फोन कोणता, हप्ता चुकला तर काय होते, हे समजावून सांगणारे कोणी नसेल, तर योजना कागदावरच राहते. आपल्या दाराशी रोज येणाऱ्या भाजीवालीला हे सांगण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. तिच्या फुरसतीच्या वेळी अर्धा तास तिच्याजवळ बसून अर्ज वाचून दाखवावा, हप्त्याचा हिशेब कागदावर मांडून द्यावा, आणि गरजेपेक्षा अधिक कर्ज घेऊ नको हेही सांगावे. लिहितावाचता येणाऱ्या प्रत्येक घराला एवढे सहज करता येण्याजोगे आहे.