लस्सी हास्य

हास्यक्लबात विनोद कोणी सांगत नाही. मार्च १९९५ मध्ये डॉ. मदन कटारियांनी मुंबईत पाच जणांना घेऊन पहिला क्लब काढला, तेव्हा विनोद सांगायची रीत होती. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरलेले कोणाकोणाला खुपायला लागले. मग विनोदाविनाच हसायचं ठरलं.

आमच्या पुण्यातल्या बागेतली मंडळीही तशीच हसतात. टाळ्यांच्या ठेक्यावर ‘हो हो, हा हा हा’ सुरू होतं, तेव्हाचं हसू नुसतं घशातलं असतं. डोळे जसेच्या तसे. मग येतं लस्सी हास्य. दोन्ही हातांत नसलेले पेले धरायचे, यातून त्यात ओतायचं आणि मान मागे टाकून ‘हा हा’ करत प्यायचं. एक आजी पिता पिता शेजारच्या काकांकडे बघतात. काकांचा ताल चुकतो, खांदे गदगदू लागतात, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. पाठोपाठ अख्खी रांग फुटते. आता कोणी ‘थांबा’ म्हटलं तरी थांबवत नाही.

याचं कारण मेंदूत आहे. ठरवून काढलेलं हसू हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या पुढच्या भागांतून निघतं. आपसूक फुटणाऱ्या हसण्याची वाट वेगळी: भावनांशी निगडित खोल भागांतून ती मस्तिष्कस्तंभाकडे उतरते. फिनलंडमधल्या तुर्कूच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जवळच्या मित्रांसोबत हसल्यावर मेंदूत वेदना शमवणारी, बरं वाटायला लावणारी नैसर्गिक रसायनं पाझरताना स्कॅनमध्ये दिसली. माणसं तपासली होती बाराच, तेही सगळे पुरुष. तेव्हा हसण्याने सगळे रोग पळतात असं कोणी म्हटलं, तर मी मान डोलावणार नाही. पण गुडघा धरून आलेल्या काकू हसून झाल्यावर गुडघ्याचं नाव काढत नाहीत, हे मी पाहते आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

‘हसूच येत नसेल तर?’ असं नवख्याने विचारलं की क्लबचे प्रमुख म्हणतात, ‘समोरच्याच्या डोळ्यांत बघा.’

व्यायाम संपला तरी घोळका हलत नाही. ‘उद्या खरंच दही आणू का?’ ‘आणा, साखर माझी.’ एवढ्यावर पुन्हा खसखस पिकते. अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांच्या गप्पा ऐकून हसण्याच्या नोंदी केल्या, तेव्हा बहुतेक हसणं अशाच साध्या बोलण्यामागून आलेलं निघालं.