नमुना कुठून घेतला?

उपसा करणारी गाडी मैलागाळ ओतू लागली, की तपासणाऱ्याने बाटली नेमकी केव्हा पुढे धरायची? पुढचे सारे आकडे या एका गोष्टीवर उभे राहतात. सेप्टिक टँकमध्ये तळाशी घट्ट गाळ, मध्ये पाणी आणि वर तेलकट साय साचते. गाडीतून पडतानाही हे थर एकजीव झालेले नसतात. म्हणून सुरुवातीला एकदा, मध्ये दोनदा, शेवटी एकदा नमुना घेऊन तो एकत्र ढवळतात. एकाच बाटलीवर आधारलेल्या अहवालावर मी विश्वास ठेवणार नाही.

कारण घराघरांतला फरक अफाट असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1984 साली काढलेल्या हस्तपुस्तिकेत अशा गाळाचा बीओडी (जिवाणूंनी सेंद्रिय पदार्थ खाताना वापरलेला प्राणवायू) सरासरी 6,480 मिलिग्रॅम प्रतिलिटर दिला आहे; पण नोंदी 440 पासून 78,600 पर्यंत पसरलेल्या आहेत. नुसती सरासरी धरून बांधलेले शुद्धीकरण केंद्र यापैकी कोणत्या घरांसाठी बांधले म्हणायचे? टाकी किती वर्षांनी उपसली, यानेही गाळ बदलतो. वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी दर तीन वर्षांनी ठरल्या वेळी उपसा करण्याची पद्धत सुरू केली. बहुतेक गावांत मात्र टाकी तुंबली की गाडी बोलावतात. तोवर जिवाणूंनी आतला बराच सेंद्रिय भाग पचवलेला असतो.

 आपल्याकडे बीओडी 27 अंश सेल्सियसला तीन दिवस ठेवून मोजतात. सीओडीची, म्हणजे रसायनांनी सेंद्रिय पदार्थ जाळायला लागणाऱ्या प्राणवायूची, चाचणी दोन तासांत होते. त्यात नमुना पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्लासह 150 अंशांवर तापवतात. मिठातले क्लोराइड आकडा फुगवते, म्हणून पाऱ्याचे संयुग घालावे लागते. प्रदूषण मोजण्याच्या या कामातून उरणारे द्रावण स्वतःच विषारी असते. ते मोरीत ओतणारी प्रयोगशाळा तपासणीचा हेतूच मोडीत काढते.

नायट्रोजनचा हिशेब याहून फसवा आहे. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांची 1883 मधली पद्धत आजही वापरात आहे: नमुना आम्लात उकळून त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करायचा आणि तो मोजायचा. पण माणसाच्या शरीरातून जाणारा बहुतांश नायट्रोजन लघवीत असतो. टाकीत तो अमोनिया होऊन पाण्यात विरघळतो आणि पाण्याबरोबरच टाकीबाहेरच्या शोषखड्ड्यात उतरतो. जमिनीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि ते झिरपत विहिरीपर्यंत पोहोचू शकते. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाने नायट्रेटला 45 मिलिग्रॅम प्रतिलिटरची मर्यादा घातली आहे. तेव्हा गाळाइतकेच शोषखड्ड्याकडे जाणारे पाणी आणि शेजारची विहीर तपासायला हवी. नुसता गाळ तपासला तर नायट्रोजनचा मोठा वाटा कागदावर येतच नाही.

गाळात राहते ते मुख्यतः सेंद्रिय द्रव्य आणि फॉस्फरसचा काही भाग. शेतकऱ्याला ते हवेच असते. पण त्याच गाळात जंतांची अंडीही असतात. त्यांचे कवच इतके चिवट, की सुकलेल्या गाळातही ती महिनोन्‌महिने तग धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शनानुसार शेतीत वापरायच्या गाळात दर ग्रॅम कोरड्या वजनामागे एकाहून कमी अंडे असावे. मेलेले अंडे आणि जिवंत अंडे सूक्ष्मदर्शकाखाली सहज वेगळे ओळखता येत नाही. त्यासाठी ती सुमारे 26 अंशांच्या उबेत तीन-चार आठवडे ठेवून आत अळी तयार होते का, हे पाहावे लागते. म्हणजे वाळलेल्या गाळाचा ढीग निदान महिनाभर आवारातच थांबवायला हवा, आणि केंद्राच्या आराखड्यात तेवढी जागा आधीच धरायला हवी.