कालचा भाव आजचा म्हणून नको

आमचं दिंद्रुडचं सोयाबीन माजलगावच्या मोंढ्यात जातं. काका दुपारी विचारतात, "आज कितीनं गेलं गं?" मी प्रोग्रामर, म्हणजे मोंढ्याचा भाव मला ठाऊक असणारच, असं त्यांनी धरलेलं.

भाव कुठंतरी नोंदलेला असतोच. केंद्र सरकारच्या 'ॲगमार्कनेट'वर २००० सालापासून देशभरच्या बाजार समित्यांचे दर जमा होतात, आणि २०१२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी खुल्या डेटाच्या पोर्टलवर ते एपीआयमार्फत मिळतात. एपीआय ही तहसीलातल्या नकलेच्या खिडकीसारखी असते: दप्तर आतच राहतं, गट नंबर सांगितला की तेवढाच सातबारा बाहेर येतो. अशा खिडकीच्या एकेका पत्त्याला एंडपॉइंट म्हणतात. मी बांधलेल्या एंडपॉइंटचा पत्ता असा:

/भाव?बाजार=माजलगाव&पीक=सोयाबीन

प्रश्नचिन्हापुढं अटी येतात. प्रोग्राम त्या आधी तपासतो, मग डेटाबेसकडून तेवढ्याच नोंदी मागतो. आलेला मजकूर जसाच्या तसा डेटाबेसच्या आज्ञेत चिकटवायचा नाही; नाहीतर एखादा उपद्व्यापी अटीच्या जागी स्वतःची आज्ञाच घुसवतो. उत्तर जेसन नावाच्या साच्यात जातं (आकडे नमुन्याचे):

[{"तारीख": "२०२४-११-०५", "किमान": 3900, "कमाल": 4300, "सर्वसाधारण": 4150}]

इथवरचं काम सोपं. खरी परीक्षा पुढं. कुणी 'माजलगाव' लिहितं, कुणी अनुस्वार देऊन 'माजलगांव'. माणसाला दोन्ही एकच, संगणकाला दोन वेगळी गावं. म्हणून बाजाराला नावाऐवजी ठरलेला क्रमांक द्यावा. अट न घालता कुणी सगळंच मागितलं, तर लाखो नोंदी एकदम सोडायच्या नाहीत. पन्नास-शंभराच्या पानांत द्यायच्या.

सगळ्यात जपायचं ते रिकाम्या उत्तराला. बाजार बंद असेल तर नोंद नसणारच. अशा वेळी २०० हा 'सगळं ठीक' सांगणारा क्रमांक आणि रिकामी यादी जाते. अट चुकीची असेल तर ४००, आपलाच सर्व्हर बिघडला असेल तर ५००. 'आज व्यवहार नाही' आणि 'आमचं यंत्र बंद आहे' या दोन उत्तरांची गल्लत झाली, तर मोबाइलवर दोन्ही वेळी कोरा पडदाच दिसतो. भावाच्या जागी शून्य दाखवणं त्याहून वाईट.

एंडपॉइंट भाव ठरवत नाही. लिलाव झाला, पण समितीत नोंद चढली नाही, तर माझा कितीही चोख प्रोग्राम ती कुठून आणणार? जुनी नोंद मात्र तो बिनबोभाट देईल. म्हणून प्रत्येक दरासोबत तारीख पाठवायचीच आणि ती पडद्यावर दराच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरात छापायची. कालचा दर आजचा म्हणून दिसला, तर प्रोग्राम बिनचूक चालतो आणि टेम्पोचं भाडं शेतकऱ्याच्या अंगावर पडतं.