जागृती कोणासाठी, कोणाच्या शब्दांत?

संवाद, संवेदना आणि वर्तन यांतील जन्मजात वेगळेपणाला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. पण हा शब्दच माणूस स्वतःत बुडालेला, म्हणजे इतरांविषयी उदासीन असतो असे सुचवतो, आणि जागृती मोहिमांवरील स्वमग्न व्यक्तींचा आक्षेपही नेमका अशाच चित्रणावर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या ठरावानुसार २००८ पासून २ एप्रिलला जागतिक स्वमग्नता जागृती दिन पाळला जातो, निळे दिवे लागतात आणि कोड्याचा तुकडा प्रतीक म्हणून मिरवला जातो. मात्र आपण सोडवायचे कोडे किंवा अपूर्ण माणूस नाही, असे अनेक स्वमग्न प्रौढ ठामपणे सांगतात. जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकांनी १९९३ मध्येच पालकांना, मुलाच्या स्वमग्नतेचा शोक करू नका, असे विनवले होते. अमेरिकेत २००६ मध्ये स्वमग्न व्यक्तींनीच चालवलेली हक्कसंघटना उभी राहिली आणि ‘जागृती’ऐवजी ‘स्वीकार’ या शब्दाचा आग्रह बळावला.

हिंगोली जिल्ह्यासाठीही हा वाद दूरचा नाही. भारताच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांतही ती आहे; त्यामुळे जिल्ह्यातील सेनगाव वा औंढा नागनाथच्या शाळेत भरणाऱ्या जागृती कार्यक्रमात, लक्षणांच्या यादीइतकीच, गोंगाट कमी असलेल्या वर्गाची, चित्रांतून वा टंकलेखनातून बोलण्याच्या मुभेची आणि मुख्य म्हणजे स्वमग्न व्यक्तीलाच व्यासपीठ देण्याची चर्चा व्हायला हवी.